नॉर्वेचा धडा

१

मे महिन्यातल्या दुपारी बडोद्यातल्या प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये कुणी कुणाच्या दारात जात नाही. जेवणं आटोपली की माणसं पडदे ओढून घेतात, कुत्री नळाखालच्या ओल्या मातीत जाऊन पडतात, आणि वर्कशॉपकडून येणारी लोखंडाची ठोकठाक तेवढी चालू राहते. देवश्रीचं काम नेमकं त्याच वेळी सुरू व्हायचं.

स्वयंपाकघराला लागून एक कोठीची खोली होती, खिडकी नसलेली. गव्हातांदळाचे डबे तिनं एका भिंतीशी सरकवले होते, बाकीच्या भिंतींवर जुन्या गोधड्या टांगल्या होत्या आणि मध्ये एक स्टूल, एक लहानसं टेबल, त्यावर पुस्तक आणि मोबाइल मांडला होता. दार लावायचं, पंखा बंद करायचा, ओढणीनं मान पुसायची आणि वाचायला लागायचं. गाडी गेली किंवा शंटिंगचं इंजिन ओरडलं की थांबायचं, आवाज विरला की तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून.

आपला आवाज चांगला आहे हे देवश्रीला लहानपणापासून लोक सांगत आले होते. लग्नाआधी काही वर्षं ती रेडिओवर हंगामी निवेदिका होती. मग उन्मेषशी लग्न झालं, त्याच्या बदल्या झाल्या, रतलाम, वलसाड, पुन्हा बडोदं, आणि आवाजाचं काही काम राहिलं नाही. अलीकडे तिला घरात बसवत नसे. उगाच कपाटं आवरायची, आवरलेली पुन्हा उपसायची. "कुठेतरी जाऊया रे," असं ती उन्मेषला म्हणायची, आणि कुठे असं त्यानं विचारलं की तिला नाव सुचत नसे.

अशातच डभोईहून जयवंतरावांचा फोन आला. ते तिच्या वडिलांचे मित्र, निवृत्त शिक्षक. त्यांची नात अस्मिता त्यांच्याचकडे राहायची. सातवीत असताना मेंदूज्वरात तिची दृष्टी गेली होती. आता ती महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठाची बी. ए. ची परीक्षा घरूनच देत होती, आणि विषय घेतला होता भूगोल. डोळ्यांशिवाय नकाशे कसे वाचणार, असं सगळ्यांनी समजावून पाहिलं. तिनं ऐकलं नाही. पुस्तक मराठीत होतं आणि वाचून दाखवणारं कुणी नव्हतं.

"तू वाचून पाठवशील का?" जयवंतरावांनी विचारलं होतं. देवश्रीनं हो म्हणायला क्षणही घेतला नव्हता.

ब्राझील झालं, जपान झालं. मग नॉर्वेचा धडा आला. तो सगळ्यांत लांब होता. "नॉर्वेचा किनारा अत्यंत दंतुर आहे," तिनं वाचलं. "हिमनद्यांनी कोरलेल्या खोल दऱ्यांत समुद्राचे पाणी शिरून फियॉर्ड तयार झाले आहेत. त्यांच्या दोन्ही बाजूंना कडे सरळ उभे असतात." तेवढ्यात बाहेर इंजिननं लांबलचक भोंगा दिला. ती थांबली, आणि भोंगा विरल्यावर तेच वाक्य तिनं पुन्हा वाचलं.

संध्याकाळी अस्मिताचा फोन आला.

"मावशी, आज तुमच्याकडे गाड्या बंद होत्या का?"

"नाही गं. उलट आज जरा जास्तच होत्या. का?"

"एकही ऐकू आली नाही. मला तर तुझ्या गाड्यांची सवय झालीये. पण पाणी छान ऐकू येतंय. नळ चालू होता का?"

२

रात्रीची भाजी चिरता चिरता देवश्रीनं ते रेकॉर्डिंग लावलं. कडे सरळ उभे असतात, असं ती म्हणाली, आणि थांबली. थांबणं बरोबर त्या जागी होतं. पुढे तेच वाक्य पुन्हा होतं. पण त्या दोन वाक्यांच्या मधे भोंगा नव्हता. तिथे शांतता होती, आणि त्या शांततेच्या तळाशी पाणी होतं. नळाचं म्हणावं तर ते एकसारखं नव्हतं. दगडावर येऊन मागे सरावं तसं वाटत होतं.

उन्मेष वर्कशॉपमध्ये सेक्शन इंजिनिअर होता. बिघाडाला कारण असतंच, यावर त्याचा विश्वास होता. त्यानं मोबाइल कानाला लावून ऐकलं.

"अगं, हल्ली फोन आपणहून मागचे आवाज कापतात. मोठा आवाज कापला, बारीक राहिला. आणि पाणी म्हणजे शेजारच्यांचा कूलर. आपल्या भिंतीलाच तर टेकवलाय त्यांनी."

त्यानं सेटिंगमध्ये जाऊन काहीतरी बंद केलं. देवश्रीला पटलं. जपानच्या धड्यात मात्र भोंगे, कोकीळ, खालच्या मजल्यावरच्या नयनाबेनची हाक, सगळं जसंच्या तसं होतं. फोन तोच होता आणि कूलरही महिनाभर तिथेच होता. ते तिला आठवलं, पण तिनं ते उन्मेषला बोलून दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी हवामानाचा भाग होता. "अटलांटिकमधील उष्ण प्रवाहामुळे येथील बंदरे हिवाळ्यातही गोठत नाहीत. पश्चिम किनाऱ्यावर पर्जन्यमान अधिक असून आकाश बहुधा ढगाळलेले असते." वाचता वाचता तिच्या लक्षात आलं की आज तिनं एकदाही मान पुसली नव्हती. बाहेर पारा पंचेचाळीसच्या घरात होता. या खोलीत एरवी डब्यांचे पत्रेसुद्धा तापायचे. तिनं डब्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. पत्रा गार होता. नुसता गार नाही, बोटांना दमट लागला.

ती बाहेर आली तेव्हा स्वयंपाकघरातली गरम हवा तिच्या तोंडावर आली आणि तिला चक्क बरं वाटलं.

३

त्या आठवड्यात ती बसनं डभोईला गेली. सोबत आंबे नेले होते, तेवढंच निमित्त. जयवंतरावांचं घर गावाच्या जुन्या तटाच्या आतल्या बाजूला, एका अरुंद गल्लीत होतं. समोर ओटा, मग बैठक, मग लांब बोळकांडं आणि त्याच्या टोकाला अस्मिताची खोली. जयवंतरावांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशन दिवाळीनंतर करू म्हणून त्यांनी लांबणीवर टाकलं होतं. माणूस आला की त्यांना उजेडात हललेलं काहीतरी दिसे आणि आवाजावरून ते नाव सांगत.

"देवश्री का? ये. केम छे उन्मेष?"

"मजामां, काका. कामात बुडालाय."

अस्मिता पलंगावर मांडी घालून बसली होती. विशीतली, कृश, सतत मान किंचित तिरकी ठेवणारी. तिनं देवश्रीला शेजारी ओढून बसवलं आणि हवामानाचा भाग लावला.

"मावशी, हे तू कुठे बसून वाचलंस?"

"कोठीत. नेहमीसारखं."

"बाहेर नाही?"

"उन्हात कोण बसेल गं?"

अस्मितानं ते थोडं मागे नेलं. "ऐक. खोलीत आवाज लगेच भिंतीवर आपटून येतो. तू गोधड्या लावल्यास तर येतच नाही. इथे तू 'पर्जन्यमान' म्हणालीस, पुढचं सुरू केलंस, आणि मग मागून 'मान' आलं. समोर काहीतरी खूप उंच आहे, पण लांब आहे. मधे पाणी असणार."

"पाणी कशावरून?"

"मधे काहीच अडत नाही म्हणून."

देवश्रीनं कान दिले. एकदा ऐकू आल्यासारखं वाटलं, एकदा नाही. दारात उभे असलेले जयवंतराव म्हणाले, "मला तर नुसतं तुझं वाचन ऐकू येतं. छान वाचलंयस. हिला काय काय ऐकू येतं, ते आपल्याला काय कळणार."

"फोन खराब आहे बहुतेक," देवश्री म्हणाली. "मी हा भाग पुन्हा वाचून पाठवते."

"नको," अस्मिता पटकन म्हणाली. तिनं देवश्रीचं मनगट धरलं होतं. "मावशी, आजोबांनी परातीत वाळू घालून, पाणी ओतून मला फियॉर्ड दाखवला होता. हात फिरवून पाहिला मी. वाळू आणि पाणी, एवढंच कळलं. हे ऐकल्यावर कळलं. किती उंच, किती खोल. पहिल्यांदा मी कुठेतरी गेले. तू हे पुसू नकोस."

तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की देवश्रीला नाही म्हणवेना. आणि खरं सांगायचं तर तिला आतून सुखावल्यासारखंही झालं. आपल्या वाचण्यानं कुणीतरी कुठेतरी गेलं.

परतीच्या बसमध्ये तिनं कानात हेडफोन घालून नॉर्वेचे दोन्ही भाग पुन्हा ऐकले. बाहेर कापूस काढून मोकळी पडलेली सपाट शेतं पळत होती. पहिल्या भागात तिचा आवाज पाण्यापासून उंचावर होता. दुसऱ्यात पाणी जवळ आलं होतं. वाचणारी बाई एका जागी बसलेली नव्हती. ती चालत होती, आणि खाली उतरत होती.

४

वन्यजीवनाचा भाग ती टाळत राहिली. मग अस्मिताची परीक्षा जवळ आल्याचं आठवायचं, आणि ती कोठीच्या दारापर्यंत जाऊन परत यायची. शेवटी एका दुपारी, नयनाबेन वरती गप्पा मारायला येऊन गेल्यावर, घरात माणसाचा वावर ताजा असतानाच ती आत गेली. दार लावताना ते पुरतं लावलं नाही, बोटभर फट ठेवली.

"पठारांवर रेनडिअरचे कळप आढळतात. जंगलात एल्क, तर उघड्या माळावर लेमिंग हे लहान कृंतक प्राणी असतात. काही वर्षांनी त्यांची संख्या एकाएकी वाढते. किनाऱ्यालगतच्या कड्यांवर समुद्रपक्ष्यांच्या प्रचंड वसाहती असतात. समुद्री गरुड मासे व पक्षी यांवर जगतो."

सगळं व्यवस्थित पार पडलं. मधे भोंगा झाला, ती थांबली, पुन्हा वाचलं. गारवा नव्हता. घाम नाकाच्या शेंड्यावरून पुस्तकावर पडला तेव्हा तिला हसूसुद्धा आलं. पाठवण्याआधी तिथेच बसून तिनं सगळं ऐकलं.

भोंगा नव्हता. हजारो पक्ष्यांचा गलका होता, आणि तिचा आवाज त्याच्यावरून वाचत होता, जरा मोठ्यानं, जणू पक्ष्यांमुळे आवाज चढवावा लागतो आहे. शेवटचं वाक्य झालं. गरुड मासे व पक्षी यांवर जगतो. इथे तिनं रेकॉर्डिंग थांबवलं होतं, तिला पक्कं आठवत होतं. पण ते थांबलं नव्हतं. पायाखालून एक दगड निसटला आणि खाली गडगडत गेला. कुणीतरी धापा टाकत श्वास घेतला. मग तिचाच आवाज, दमलेला, पण स्वच्छ उच्चारांचा, म्हणाला, "उतार संपतो तेथे एक दार आहे."

देवश्रीनं पुस्तक पुढे ओढलं. पान उलटलं, पुढचंही उलटलं. असं वाक्य कुठेही नव्हतं.

तिनं ते रेकॉर्डिंग पुसून टाकलं. गोधड्या खाली ओढल्या, टेबल बाहेर काढलं, गव्हाचा मोठा डबा दाराच्या डाव्या बाजूला आणून ठेवला. संध्याकाळी अस्मिताला फोन करून सांगितलं की घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे, उरलेलं दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ.



"मावशी," अस्मिता म्हणाली, "मला असं अर्ध्या वाटेत सोडू नकोस."

"कुठल्या वाटेत?"

"तुझा घसा तर चांगला आहे की," अस्मिता म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.

५

त्यानंतरचे काही दिवस बरे गेले, निदान तसे दिसले तरी. देवश्रीनं लोणच्याच्या कैऱ्या आणल्या, उन्हात फोडी वाळवल्या, उन्मेषच्या बहिणीकडे जाऊन आली. पण दुपारी पाठ टेकली की डोळा लागत नसे. वर्कशॉपची ठोकठाक मधेच थांबली की ती उठून बसायची आणि पुन्हा सुरू होईपर्यंत तशीच बसून राहायची. बोलताना एखादं वाक्य अर्ध्यात सोडायची. उन्मेषनं विचारलं तेव्हा तिनं त्याला सगळं सांगितलं, ते दारवालं वाक्यसुद्धा.

तो हसला नाही. म्हणाला, "पुसलंस ते. मला ऐकवायचं होतंस." मग थोड्या वेळानं म्हणाला, "उन्हानं आणि त्या बंद खोलीनं माणसाचं डोकं चालेनासं होतं. तू ते काम सोडलंस हे उत्तम केलंस."

शनिवारी दोघं भाजी आणायला खंडेराव मार्केटला गेली होती. रविवारी सकाळी अस्मिताचा फोन आला. आवाज आनंदानं भरून आला होता.

"मावशी, किती छान वाचलंस. आणि केवढी गंमत केलीस. मी आजोबांनाही ऐकवलं."

"काय वाचलं मी?"

"कालचं. दुपारी पाठवलंस ते. तू खरंच येते आहेस ना आज? मी तयार होऊन बसलेय."

देवश्रीनं फोन कानापासून काढून पाहिला. अस्मिताच्या नावासमोर तिनंच पाठवलेलं एक रेकॉर्डिंग होतं. काल दुपारचं. काल दुपारी फोन तिच्या पर्समध्ये होता आणि ती दुधी निवडत होती. तिनं उन्मेषला हाक मारली, पण तो अंघोळीला गेला होता. तिनं उभ्या उभ्याच ते लावलं.

पाणी नव्हतं, पक्षी नव्हते. आवाज बंद जागेतून येत होता. आणि सुरुवातीलाच, लांबून, शंटिंगच्या इंजिनचा भोंगा आला. वाचणारी थांबली. भोंगा विरू दिला. मग वाचू लागली, देवश्री वाचत असे तसंच, शब्द न चावता.

"हा प्रदेश सपाट आहे. येथे कडे नाहीत. समुद्र जवळ नसल्याने दिवस अतिशय तापतात. उन्हाळ्यात दुपारी लोक दारे लावून घेतात व कोणी कोणाकडे जात नाही. नदीत मगरी असून त्या पुलाखाली निश्चल पडून राहतात. घरांत पाली आढळतात. वस्ती विरळ आहे. या घरात दोनच माणसे राहतात. पुरुष सकाळी कारखान्यात जातो. स्त्री घरी असते. तिचा आवाज चांगला आहे. गव्हाचा डबा दाराच्या डाव्या बाजूस असतो."

देवश्री स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून उभी राहिली. कोठीचं दार तिच्या पाठीशी होतं. ते बंद होतं, आणि ती त्याच्याकडे वळून पाहू शकत नव्हती.

"येथून आग्नेयेस डभोई हे तटबंदीचे जुने गाव आहे. बसने जाता येते. तेथे एक मुलगी राहते. तिला दिसत नाही. तिला येथून जायचे आहे. रविवारी सकाळी तिला न्यावयास येते आहे."

तिनं अस्मिताला फोन लावला. वाजत राहिला. जयवंतरावांना लावला, तोही वाजत राहिला. न्हाणीघराच्या दारावर थाप मारून ती उन्मेषला म्हणाली, "मी डभोईला जातेय, मागून ये," आणि चपला अडकवून धावत सुटली.

६

ती गल्लीत शिरली तेव्हा जयवंतराव ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. गल्लीत ऊन पसरलं होतं, कुणाच्या तरी घरी फोडणीचा वास येत होता. तिला धीर आला.

"काका."

जयवंतरावांनी मान वळवली. "काय गं, काही विसरलीस?"

"कधी?"

"कधी म्हणजे? आत्ता तर माझ्यासमोरून आत गेलीस. बोललीस ना माझ्याशी. हात किती गार तुझे, असं मी म्हणालोसुद्धा." ते थांबले. त्यांच्या अंधुक डोळ्यांसमोर उजेडात एक बाई उभी होती, धापा टाकत. "देवश्री, तू बाहेर कधी आलीस?"

आत, बोळकांड्याच्या टोकाला, कुणीतरी वाचत होतं. एका लयीत, कुठेही न अडखळता. जयवंतरावांनी ते ऐकलं आणि खुर्चीचा हात घट्ट धरला. देवश्रीनं त्यांना दंडाला धरून उठवलं आणि दोघं आत गेली.

बोळकांड्यातली फरशी ओली होती. पुढे जावं तसा उकाडा कमी होत गेला आणि अस्मिताच्या दारापाशी देवश्रीच्या उघड्या दंडांवर काटा उभा राहिला. दार लोटलेलं होतं. आतून अस्मिताचं हसू आलं. "थांब ना मावशी, चप्पल घालू दे. गवत किती ओलं आहे."

देवश्रीनं दार ढकललं.

खोली होती. पलंग होता, टेबल होतं, टेबलावर ब्रेलची पाटी होती. पण उजेड डभोईचा नव्हता. तो राखाडी होता, सावली न पाडणारा, आणि कपाट असायचं त्या बाजूनं येत होता. त्या बाजूला कपाट नव्हतं, भिंतही नव्हती. जमीन तिरकी होत खाली जात होती, काळ्या ओल्या खडकातून, आणि खूप खाली काहीतरी शिशासारखं चकाकत होतं. देवश्रीनं त्याच्यापलीकडे पाहिलं नाही. पाहिलं असेलही, पण पुढे कधी तिला ते सांगता आलं नाही. अस्मिता उताराच्या कडेला उभी होती. तिचा उजवा हात पुढे होता. त्या हाताच्या बोटांना दुसरी बोटं धरून होती, पांढुरकी, पाण्यात फार वेळ राहिलेल्या बोटांसारखी. तो दुसरा हात मनगटापर्यंत दिसत होता. पुढचं उताराच्या आड होतं.

"अस्मिता, थांब," देवश्री म्हणाली.

अस्मिताची मान वळली.

"अस्मिता, थांब," उतारावरून देवश्रीचा आवाज म्हणाला. "तिकडे मी नाही. मी इकडे आहे."

"ते खोटं आहे. मी आत्ता बसमधून आलेय. अस्मिता, तो हात सोड."

"ते खोटं आहे," खालचा आवाज शांतपणे म्हणाला. "ये. पायाखाली गवत आहे. तुला कळेल सगळं."

अस्मिता या आवाजाकडून त्या आवाजाकडे मान फिरवत होती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, गोंधळ होता. देवश्रीला समजलं की आपण जितकं बोलू तितकी ती मुलगी लांब जाईल. पुढे होऊन तिला ओढावं, चार पावलांचं तर अंतर, पण देवश्रीचं पाऊल उचलेना. तिनं ओठ घट्ट मिटले आणि मागे उभ्या असलेल्या जयवंतरावांना दोन्ही हातांनी पुढे ढकललं.

म्हाताऱ्यानं काय पाहिलं देव जाणे. पण वर्गात फळ्यापाशी उभं राहून हाक मारावी तशी त्यांनी हाक मारली.

"अस्मू. आजोबा इथे आहेत. माझ्या आवाजाकडे ये."

खालून काहीच आलं नाही. त्यांचा आवाज तिकडे कुणाकडे नव्हता.

अस्मिता उभीच राहिली. "आजोबा, मी फक्त पाहून येते," ती म्हणाली.

"ये म्हणतो ना." या वेळी त्यांचा आवाज चिरकला.

तिनं बोटं सोडवून घेतली. एक एक, हळूहळू, एखाद्याचा निरोप घ्यावा तशी. मग वळली आणि हात पुढे करून चालत येऊन आजोबांच्या छातीवर आदळली. देवश्रीनं त्या दोघांना धरून बाहेर काढलं आणि दार ओढून घेतलं.

उन्मेष आला तेव्हा तिघं ओट्यावर बसली होती. त्यानं आत जाऊन खोली पाहिली. कपाट जागेवर होतं. फरशी कुणीतरी नुकतीच पुसल्यासारखी ओली होती, एवढंच तो म्हणाला. अस्मिताच्या चपलेच्या तळव्यांना चिकटलेलं शेवाळ त्यानं नखानं खरवडून पाहिलं आणि चपला बाहेरच्या नळाखाली धुऊन आणल्या.

अस्मिता रडत होती. आजोबा तिच्या पाठीवरून हात फिरवत होते.

"तुम्ही मला का बोलावलंत?" ती पुन्हा पुन्हा विचारत होती.

७

अस्मितानं परीक्षा दिली. भूगोलात तिला चांगले गुण मिळाले. तिची खोली बदलून पुढच्या बैठकीत पलंग टाकला गेला आणि आतल्या खोलीला कुलूप लागलं. उन्मेषनं खटपट करून दुसरं क्वार्टर मिळवलं, आणखी वरच्या मजल्यावरचं, कोठी नसलेलं. देवश्रीनं फोन बदलला. ती आता फार बोलत नाही. रिक्षावाल्याशी, भाजीवाल्याशी उन्मेष बोलतो. घरात एकटी असली की ती रेडिओ लावून ठेवते, म्हणजे कुणी ना कुणी बोलत राहतं.

त्या पावसाळ्यात ती दोघं जयवंतरावांना भेटायला गेली. उन्मेष त्यांच्याशी ऑपरेशनचं बोलत ओट्यावर थांबला. देवश्री आत जाऊन अस्मिताच्या शेजारी बसली. काही न बोलता तिनं तिचा हात हातात घेतला. अस्मितानं तो चाचपला, बोटांच्या पेरांपासून मनगटापर्यंत, मग दाबला.

"मावशी, तूच ना?"

देवश्रीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. अस्मितानं चटकन तिच्या ओठांवर बोटं ठेवली.

"बोलू नकोस. तू बोललीस की मला कळत नाही."

दोघी तशाच बसून राहिल्या. बाहेर उन्मेष आणि जयवंतराव डॉक्टरांची नावं घेत होते. गल्लीतून कुणीतरी सायकल ढकलत गेलं. अस्मितानं मान किंचित तिरकी केली होती, बोळकांड्याच्या दिशेनं, आणि भुवया उंचावल्या होत्या, समोरचा माणूस काही सांगत असताना ठेवतात तशा.

देवश्रीच्या ओठांवर अजून तिची बोटं होती. ती काहीही बोललेली नव्हती.

"हो का?" अस्मिता म्हणाली आणि समाधानानं मान हलवली. "बरं. तोवर थांबते."